कंटेनरच्या दारावर काय लिहिलेलं असतं?

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उरण किंवा पनवेलच्या बाजूला, ट्रेलरच्या रांगेत अडकलात ना की समोर वाचायला एकच गोष्ट असते, पुढच्या कंटेनरचं दार. पुढच्या वेळी ते खरंच वाचा. चार अक्षरं, सहा आकडे, मग चौकटीत एकटा एक आकडा, खाली वजनं, एका कोपऱ्यात धातूची छोटी पाटी आणि कडीला लटकणारं सील. हा डबा उत्पादन कंपनीतून निघून जगाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि मधे त्याला हात लावणारे क्रेनवाले, ड्रायव्हर, कस्टम्सवाले, जहाजावरची माणसं एकमेकांना कधी भेटतही नाहीत, तरी सगळ्यांचा त्या डब्यावर विश्वास असतो. तो विश्वास या दारावर लिहिलेला असतो.

आधी नंबर. पहिली तीन अक्षरं मालकाची, ती पॅरिसमधल्या बीआयसी या संस्थेकडे नोंदवावी लागतात, चौथं अक्षर बहुतेक वेळा यू. चौकटीतला शेवटचा आकडा म्हणजे चेक डिजिट आणि त्याच्यामागचं गणित मला फार आवडतं. समजा नंबर आहे सीएसक्यूयू ३०५४३८. प्रत्येक अक्षराला एक किंमत ठरलेली आहे, ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, असं पुढे, ११ ने भाग जाणारे आकडे मुद्दाम वगळून. म्हणजे सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. आता डावीकडून प्रत्येकाला १, २, ४, ८, १६ असं दुप्पट करत गुणत जायचं, पार ५१२ पर्यंत, आणि बेरीज करायची. येते ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी उरते ३, म्हणून चौकटीत ३. गेटवरच्या माणसाने घाईत एक आकडा चुकीचा टाईप केला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट केले तर बाकी बदलते आणि कॉम्प्युटर तिथेच थांबवतो. बाकी १० आली तर चौकटीत ० लिहितात, पण मग खरा ० कुठला आणि दहाचा ० कुठला हे कळत नाही, म्हणून असे नंबर शक्यतो वापरूच नका अशी शिफारस आहे. लाखो डबे इकडून तिकडे जातात आणि चुकीचा डबा चुकीच्या देशात जाऊ नये म्हणून हे सगळं.

आता डबा स्वतः. २० फुटी आणि ४० फुटी, रुंदी ८ फूट, हे माप आयएसओ ६६८ या मानकात बसवलंय आणि म्हणूनच चीनमधला डबा भारतीय रेल्वेच्या वॅगनवर आणि रॉटरडॅमच्या क्रेनला सारखाच बसतो. पण मला विचाराल तर कंटेनरचा खरा जीव त्याच्या आठ कोपऱ्यांत आहे. प्रत्येक कोपऱ्यात भोकं असलेला ओतीव पोलादी ठोकळा असतो, कॉर्नर कास्टिंग. क्रेन तिथेच पकडते, ट्रेलरवर डबा तिथेच लॉक होतो, जहाजावर एकावर एक रचतानाही तिथेच ट्विस्टलॉक, म्हणजे फिरवून बसणारं कुलूप, फिरवतात. १९५६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन उद्योजक माल्कम मॅक्लीन यांच्या आयडियल एक्स या जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर नेले, तिथून हा धंदा सुरू झाला असं धरतात. त्यांचे इंजिनियर कीथ टँटलिंगर यांनी कोपऱ्यांची आणि लॉकची ही पद्धत बसवली आणि पुढे कंपनीने पेटंटचा हक्क सोडून दिला, म्हणून त्यावरून सगळ्या जगासाठी एकच मानक बनू शकलं. हक्क धरून बसले असते तर प्रत्येक कंपनीचा कोपरा वेगळा झाला असता आणि बंदरात नुसता गोंधळ.

दारावरची धातूची पाटी म्हणजे सीएससी प्लेट, १९७२ च्या कंटेनर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराची, जो १९७७ पासून लागू आहे. त्यावर एक ओळ असते, १.८ जी ला, म्हणजे गुरुत्वाकर्षण १.८ पट धरून, वर रचण्याचं वजन, आणि कित्येक डब्यांवर तो आकडा १,९२,००० किलो असतो. म्हणजे २४ टनांचे आठ डबे याच्या डोक्यावर. १.८ कशाला? कारण जहाज लाटेवर वरखाली होतं, आपण लिफ्टमध्ये वर जाताना पाय जड वाटतात ना तसं, वरच्या डब्यांचं वजन खालच्याला काही क्षण जवळपास दुप्पट जाणवतं. म्हणून चाचणीत प्रत्येक कोपऱ्याच्या खांबावर ८६,४०० किलोएवढा भार देतात.

आणि गंमत बघा, त्याच डब्याच्या छपराची चाचणी फक्त ३०० किलोची असते, दोन माणसं वर चढून काम करतील एवढीच. सगळा भार चार खांबांतून खाली जातो, पत्र्यावर काहीच येत नाही. त्यामुळे जुना कंटेनर घेऊन जमिनीत पुरतात आणि त्याचं तळघर करतात ते व्हिडिओ बघितले की मला धडकी भरते, कारण बाजूच्या पन्हाळी पत्र्याला मातीचा सततचा दाब सोसायला कोणी बनवलेलंच नाहीये. पाटी एकदा ठोकली की काम संपलं असंही नाही. नव्या डब्याची पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत आणि मग दर ३० महिन्यांनी, नाहीतर मालकाचा सतत तपासणीचा मंजूर कार्यक्रम हवा.

इथपर्यंत सगळं पोलादाचं आहे आणि ते मोजता येतं. अडचण सुरू होते ती आत काय भरलंय आणि किती, हे कागदावर लिहिण्यापासून.

जानेवारी २००७ मध्ये एमएससी नापोली हे जहाज वादळात फुटलं आणि इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळ मुद्दाम उथळ पाण्यात रुतवावं लागलं. डेकवरचे साधारण ६६० कोरडे राहिलेले कंटेनर नंतर वजन केले तेव्हा १३७ डब्यांचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून जास्त वेगळं निघालं. म्हणजे पाचातला एक. जहाजावर कुठला डबा खाली, कुठला वर, हे या कागदावरच्या वजनावरून ठरतं, जड खाली हलका वर, आणि खोटं वजन वर गेलं की जहाजाचा तोल बिघडतो, खालच्या डब्याचे खांब वाकतात, बांधलेल्या सळ्या तुटतात आणि अख्खी रास समुद्रात. शेवटी १ जुलै २०१६ पासून नियम आला की खरं मोजलेलं वजन दिल्याशिवाय डबा जहाजावर चढणार नाही. एकतर भरलेला डबा काट्यावर घ्या, नाहीतर आतला सगळा माल, पॅकिंग, लाकूड वेगवेगळं मोजून डब्याचं स्वतःचं वजन त्यात मिळवा. अंदाज चालत नाही. इतकी साधी गोष्ट व्हायला कंटेनर सुरू झाल्यापासून ६० वर्षं लागली याचं मला अजूनही वाईट वाटतं.

वजन मोजता येतं हो, पण आत काय आहे ते काटा सांगत नाही. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ यांची टक्कर झाली, चित्रा कलंडली, कंटेनर घसरून पाण्यात पडले, काहींमध्ये कीटकनाशकं होती, आणि तेल पसरलं ते वेगळंच. तरंगणाऱ्या डब्यांमुळे मुंबई आणि न्हावा शेवा दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. अशा वेळी कुठल्या डब्यात काय आहे याची यादी खरी असणं किती गरजेचं असतं! २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल या जहाजावर नायट्रिक ॲसिडचा एक डबा गळत होता, तो उतरवून घ्यायला कतारमधल्या हमाद आणि गुजरातमधल्या हाजिरा या बंदरांनी नकार दिला, आणि कोलंबोपाशी जहाज पेटलं. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, ६४० कंटेनर, त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाईड. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन तयार होतो, वेल्डिंगवाले वापरतात तोच वायू, म्हणजे असा डबा किनाऱ्याला लागला तर तो बघायला जवळ जाणंही धोक्याचं.

उरलं सील. निर्यातीच्या डब्याला जाड बोल्ट सील असतं, आयएसओ १७७१२ प्रमाणे सगळ्यात मजबूत दर्जाच्या सीलवर एच अक्षर असतं, आणि ते ओढून, कापून, वाकवून, हातोड्याचा मार देऊन तपासतात. आपल्याकडे कारखान्यात स्वतः सील करणाऱ्या निर्यातदारांसाठी २०१७ पासून आरएफआयडीवालं, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या चिपचं, ई-सीलही आलं. पण चोर सीलच्या नादाला लागतच नाही, तो कडीचे रिव्हेट काढतो, दार उघडतो, माल काढतो किंवा आत काहीतरी टाकतो आणि रिव्हेट परत लावून रंग मारतो, सील जसंच्या तसं. म्हणून तपासणाऱ्यांना शिकवतात, बघा, नंबर पडताळा, ओढा, पिळा. आणि माल भरण्याआधी सात जागा बघा, समोरची भिंत, डावी, उजवी, जमीन, छत, दारं आतून बाहेरून, आणि खालचा सांगाडा. आतली लांबी बाहेरच्या मापाशी जुळत नसेल तर खोटी भिंत असू शकते.

या सगळ्या साखळीत शेवटी सील कापतो तो भिवंडीच्या गोडाऊनमधला कामगार, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. कीड मारायला डब्यात मिथाईल ब्रोमाईड किंवा फॉस्फिन हा विषारी वायू सोडलेला असू शकतो, मिथाईल ब्रोमाईडला तर जाणवेल असा वासही नसतो, आणि वाटेत सरकलेला माल दाराला टेकून उभा असतो. आधी उजवं दार थोडंसंच, बाजूला उभं राहून उघडायचं, मग दोन्ही दारं उघडी टाकून हवा खेळू द्यायची आणि विषारी वायूच्या पाटीचा डबा असेल तर वायू मोजल्याशिवाय कोणी आत पाय टाकायचा नाही. विषारी वायूची ती कवटीचं चित्र असलेली पाटी बहुतेक वेळा इंग्रजीत असते. गोडाऊनच्या दारावर तेच मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लिहायला एक रंगाचा डबा आणि एक दुपार पुरते.