जुना स्पार्क प्लग : काजळी निघते, झीज भरून येत नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील गॅरेजांत ‘गाडी मिसिंग मारतेय’, म्हणजे चालताना मधूनच झटके देतेय, ही तक्रार रोजची आहे. मिस्त्री बॉनेट उघडतो, सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीने पेटवणारा स्पार्क प्लग काढतो, पॉलिश पेपरने घासतो, परत बसवतो आणि पुष्कळदा गाडी खरोखरच सुधारते. पेट्रोल गाडीचे हे काम घरीही करता येते. मात्र घासण्याआधी प्लग नीट पाहावा, असा माझा आग्रह आहे. कारण प्लगच्या टोकावर साचलेली काजळी आणि तिथे झालेली झीज या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि साफसफाईचा उपयोग फक्त पहिलीवर होतो.

बॅटरीच्या १२ व्होल्टपासून इग्निशन कॉइल हजारो व्होल्टचा दाब तयार करते. प्लगचा मधला इलेक्ट्रोड आणि बाजूचा वाकवलेला इलेक्ट्रोड यांच्यात साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटरची गॅप असते आणि तेवढ्या अंतरातील वायू भेदून ठिणगी पडते. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचे पांढरे सिरॅमिक विजेला अडवून धरते. कार्बन मात्र वीज वाहून नेतो. सिरॅमिकच्या नाकाडावर काजळीचा थर बसला की विजेला गॅप ओलांडण्याची गरज उरत नाही. ती त्या थरावरून थेट प्लगच्या धातूच्या अंगात उतरते, कॉइलमधला दाब पुरेसा चढतच नाही आणि सिलिंडरमधले मिश्रण न पेटता बाहेर जाते. गाडीला बसणारा तो झटका हाच.

प्लग बाहेर काढून, इंजिनला टेकवून ‘ठिणगी पडते का’ हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती फसवी आहे. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर अंतर भेदायला सुमारे ३,००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या वायूत त्याच अंतराला त्याच्या कितीतरी पट व्होल्ट लागतात. त्यामुळे बाहेर झकास ठिणगी देणारा प्लग आत गेल्यावर गप्प बसू शकतो. शिवाय पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पाडणे धोक्याचे आहेच.

काजळी का साचते, याचे उत्तर पुष्कळदा आपल्या फेऱ्यांमध्ये असते. प्लगच्या टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की काजळी आपोआप जळून जाते. राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत दोन-तीन किलोमीटर जायचे, बाजार करून परत यायचे, असा गाडीचा दिनक्रम असेल तर थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल मिळत राहते आणि प्लग तेवढा तापतच नाही. हीच गाडी अधूनमधून पन्हाळ्याचा घाट चढली किंवा पुणे-बेंगळुरू महामार्गावर तासभर धावली, तर प्लग स्वतःच बराच साफ होतो.

तरीही हाताने साफ करायचा असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लगच्या खळग्यातील धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि जुना टूथब्रश एवढ्यावर कोरडी काजळी निघते. लोखंडी तारेचा ब्रश सिरॅमिकवर फिरवू नये, कारण त्याच्या धातूच्या रेघा मागे राहतात आणि त्याही वीज वाहून नेतात. गॅसच्या ज्योतीवर प्लग लाल करणे तर टाळावेच. सिरॅमिकला अशाने तडे जाऊ शकतात. प्लग वाळला की फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) गॅप मोजावी आणि कमी-जास्त करायची असल्यास फक्त बाजूचा इलेक्ट्रोड हलकेच वाकवावा. बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरवावेत, कारण इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले (प्लग बसतो त्या वरच्या भागातले) आटे गेले तर तो खर्च नव्या प्लगांच्या कैक पट होतो. इरिडियम या धातूचे टोक असलेल्या प्लगची गोष्ट वेगळी आहे. त्याचे टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असते. त्याला ब्रश लावू नये.

आता झिजेकडे येतो. चार सिलिंडरच्या गाडीचे चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून भिंगातून पाहावेत. नव्या निकेल प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडची कड काटकोनात, धारदार दिसते. जुन्याची कड वापरलेल्या पेन्सिलीसारखी गोलावलेली असते. विद्युत क्षेत्र टोकदार कडेपाशी सर्वांत तीव्र असते, म्हणून ठिणगी तिथून सहज उडते. कड गोलावली आणि गॅप वाढली की तीच ठिणगी पाडायला कॉइलला जास्त दाब उभा करावा लागतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने धावणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात (दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी) एका प्लगवर मिनिटाला १,५०० ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म अंश घेऊन जाते. तो परत आणणारा ब्रश नाही. साधा निकेल प्लग ३०-४० हजार किलोमीटर चालला असेल आणि कड गेली असेल, तर घासण्यात वेळ न घालवता मी तो बदलतो.

प्लगच्या टोकाचा रंगही बोलतो. फिका तपकिरी रंग चांगल्या ज्वलनाचा. सुकी काळी काजळी सर्व प्लगांवर असेल तर एअर फिल्टर आणि पेट्रोलचे प्रमाण तपासावे. पांढरे पडलेले, फोड आलेले सिरॅमिक अतितापाचे लक्षण आहे. एकच प्लग तेलाने ओला, काळा आणि चकचकीत निघाला, तर तो साफ करून बसवला तरी काही दिवसांत पुन्हा तसाच होईल. त्या सिलिंडरचे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील मिस्त्रीला दाखवावे लागेल, आणि जाताना तो प्लग न पुसता तसाच कागदात गुंडाळून सोबत न्यावा.