ॲक्विफर, ॲक्विटार्ड, ॲक्विक्लूड, ॲक्विफ्यूज… तुमच्या रानाखाली यातलं काय आहे?

मार्च लागला की लातूर, बीड, धाराशिवकडं बोअरच्या गाड्या फिराय लागतात. कुणी हातावर नारळ धरणारा पाणाड्या बोलावतं, कुणी सर्व्हे करून घेतं, आणि सर्व्हेवाल्याच्या तोंडी एक शब्द हमखास येतो, ॲक्विफर. त्याचे अजून तीन भाऊ आहेत, दिसायला सारखेच, पण स्वभाव एकाचा दुसऱ्याला नाही.

ॲक्वि म्हणजे पाणी, लॅटिनमधलं, ते चौघांत कॉमन. फरक सगळा शेपटीत. ॲक्विफरमधला फर म्हणजे वाहून नेणं, ट्रान्सफरमधला फर तोच, म्हणजे जो खडक पाणी धरतो पण आणि सोडतो पण. आपल्याकडं मुरूम आणि भेगाळलेला खडक यात येतो. ॲक्विफ्यूज बरोबर उलटा. हा फ्यूज लाईटचा नाही बरं का, फ्युजिटिव्ह म्हणजे फरार, त्यातला. भेग नसलेला अखंड काळा पाषाण, पाणी धरतही नाही आणि सोडतही नाही, त्यात गाडी शिरली की वर नुसती राखाडी कोरडी भुकटी उडते आणि मालकाचं तोंड पडतं.

खरी गंमत मधल्या दोघांत. ॲक्विक्लूडमधला क्लूड म्हणजे बंद करणं. चिकणमाती घ्या, तिच्यात पोकळ जागा निम्म्यापर्यंत असू शकते, वाळूपेक्षाही जास्त, पण ती पोकळी इतकी बारीक की पाणी आत अडकून बसतं. पोरोसिटी आणि पर्मिएबिलिटी वेगळ्या म्हणतात ते यामुळंच, पहिली म्हणजे किती मावतं, दुसरी म्हणजे किती पुढं सरकतं. बुडबुड्यांचा मांजऱ्या खडक बघून लोक खूश होतात, पण ते बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतील तर तो पॅकिंगच्या फुगेवाल्या प्लास्टिकसारखा, पोकळी भरपूर आणि वाट एकही नाही. ॲक्विटार्ड म्हणजे ढिला गडी, पाणी सोडतो पण लई सावकाश. आता बरेच भूजलवाले ॲक्विक्लूड म्हणायचं टाळतात, कारण पूर्ण बंद असा थर निसर्गात क्वचितच, आणि मला ते पटतं.

आपला खडक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचलेला. बऱ्याच थरांचा वरचा भाग बुडबुड्यांचा, खालचा घट्ट, आणि दोन थरांच्या मधी कुठंकुठं तांबडी चिकट माती. म्हणून एकाच बोअरमधी हे भाऊ आलटून पालटून भेटतात, आणि म्हणूनच शेजाऱ्याला १५० फुटाला पाणी लागतं अन् बांधाच्या अलीकडं तुमचा बोअर कोरडा जातो, त्याला भेग घावली, तुम्हाला नाही घावली, त्यात नशिबापेक्षा भेगांचा हात जास्त. पाणी नाही लागलं की "अजून १०० फूट मारा" म्हणायची सवय मात्र वाईट. खाली गेलं की भेगा बहुतेक कमी होत जातात, चुकून दोन थरांच्या मधी पाणी लागलंच तर ते जुनं साठलेलं असतं, दोन उन्हाळे चालतं आणि मग मोटार हवा ओढाय लागते, कारण वरून तिथवर पाऊस पोचायला मधले ढिले थर ओलांडावे लागतात. राज्याच्या भूजल कायद्यातही ६० मीटरच्या खालची विहीर खोल धरलीय, शेतीसाठी तेवढं खाली जायला मनाई आहे, पाळतंय कोण ते सोडा.

आणि भुकटी तांबडी याय लागली तर केसिंगला, म्हणजे बोअरच्या आत घालायच्या पाइपाला, कंजूषी करू नका, ती माती पाण्यानं फुगून ढासळते आणि मोटार आतच अडकून बसते.