सर्कशीचा पिंजरागाडा आणि चित्ररथ: ओळखायचं कसं?

अमेरिकन सर्कशीचे जुने फोटो पाहताना हमखास गल्लत होते. सोनेरी मुलामा, कोरीव सिंह, रंगीबेरंगी चाकं दिसली की ‘हा वाघाचा पिंजरा’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा त्या गाड्यात वाघ नसतोच. आत तंबूचं सामान नाहीतर पोशाखांच्या पेट्या असतात आणि टपावर बँडवाले बसलेले असतात. तो चित्ररथ. प्राण्यांचा असतो तो पिंजरागाडा.

नक्षीवरून फरक कळत नाही, कारण सजावट दोन्हींवर सारखीच. चाकांवरून तर मुळीच नाही. आऱ्यांमधल्या जागेत लाकडाच्या रंगवलेल्या पाचरी बसवल्या की फिरतं चाक सूर्यासारखं दिसायचं. अशी चाकं दोन्ही प्रकारच्या गाड्यांना असत.

बघायची ती बाजूची भिंत. चित्ररथाची भिंत भरीव आणि कायमची. पिंजरागाड्याला बाहेरून फळ्या लावलेल्या असतात, त्या काढल्या की आत लोखंडी गज. प्रवासात फळ्या लावून ठेवत, आणि त्यांच्यावर चित्रंही रंगवलेली असत. त्यामुळे बंद पिंजरागाडा चित्ररथासारखाच दिसतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. गज एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना. आत काढता-घालता येणारी मधली भिंत, म्हणजे दोन जनावरं वेगळी ठेवता येत. गजांखाली अरुंद फट असे. घाण ओढून काढायची ती तिथून. पाणघोड्याच्या गाड्यात पाण्याचा हौद असे. हत्तीसाठी मात्र पिंजरागाडा शोधू नका. मिरवणुकीत हत्ती स्वतःच्या पायांनी चालायचे.

पिंजरागाड्याला दुहेरी काम होतं. 1872 पासून पी. टी. बार्नम या अमेरिकन सर्कसमालकाची सर्कस रेल्वेने फिरू लागली. त्यामागे त्याचा भागीदार विल्यम कूप होता. मालगाडीच्या उघड्या डब्यांवर एका टोकाकडून गाडे चढवायचे आणि डब्यांमधल्या फटींवर लोखंडी पत्रे टाकून ते पुढे ढकलत न्यायचे. प्राणी बाहेर काढायचं कामच नाही. मुक्कामी हेच गाडे प्राण्यांच्या तंबूत ओळीने उभे राहत आणि खेळाच्या मोठ्या तंबूकडे जाताना प्रेक्षक ते बघत जात. म्हणजे वाहनही तेच आणि प्रदर्शनाची खोलीही तीच. जनावराच्या दृष्टीने ही सोय फार अडचणीची होती, पण तेव्हा त्याला विचारतंय कोण!

चित्ररथाचं खरं काम मिरवणुकीत. गावात सर्कस आल्याची दवंडीच ती, फुकट बघायला मिळणारी. बार्नम अँड बेली सर्कशीने 1903 मध्ये रस्त्यावर आणलेला ‘टू हेमिस्फिअर्स’ हा बँडरथ 40 घोडे ओढत. एका बाजूला पूर्व गोलार्ध, दुसऱ्या बाजूला पश्चिम. मिरवणुकीत काही पिंजरेही उघडे ठेवत, काही मुद्दाम बंद: बाकीचं बघायचं तर तिकीट काढा!

1920 च्या सुमारास मोठ्या सर्कशींनी रोजच्या मिरवणुका बंद करायला सुरुवात केली आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. चित्ररथ बिनकामाचे ठरले. कित्येक सडले, कित्येक जाळले गेले. पिंजरे टिकले, कारण प्राणी होतेच. पुण्याचे दामू धोत्रे 1940 मध्ये रिंगलिंग सर्कशीत वाघ-बिबट्यांचे खेळ करायला अमेरिकेत गेले, तेव्हा मिरवणुकांचा तो थाट ओसरला होता, पिंजरेगाडे मात्र चालू होते.

विस्कॉन्सिनमधल्या बाराबू इथे, रिंगलिंग बंधूंच्या जुन्या हिवाळी तळावर, 1959 मध्ये सुरू झालेल्या सर्कस वर्ल्ड संग्रहालयात दोन्ही प्रकारचे गाडे जवळून पाहता येतात. तिथेही थोडं सावध राहावं लागतं. सर्कशीत काहीच वाया जात नसे: एका गाड्याचं कोरीवकाम दुसऱ्यावर चढायचं, जुन्या सांगाड्यावर नवी पेटी बसायची. त्यामुळे एखाद्या गाड्यावरचा कोरीव सिंह मुळात त्याच गाड्याचा असेलच असं नाही. अशा वेळी फळ्या आणि गज आधी बघा, नक्षी नंतर.