मलावी: खताची गोणी आणि जानेवारीतला मका

मलावीत छोट्या शेतकऱ्याला स्वस्तात खत द्यावे की नाही, हा वाद चाळीस वर्षांपासून चालू आहे. अनुदान काढले गेले, परत आले, वाढले, आटले. प्रत्येक वेळी त्यामागे एखादा दुष्काळ, एखादी निवडणूक किंवा चलनाची घसरण होती. आपल्याकडे हा देश अलीकडे वाशीच्या बाजारात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येणाऱ्या हापूसमुळे माहीत झाला. तो आंबा मोठ्या बागायतीतला. इथे विषय आहे तो हेक्टरभरही जमीन नसलेल्या, एकाच पावसावर मका पिकवणाऱ्या कुटुंबांचा.

या वादात एक गोष्ट सतत मागे पडते. मलावीतली बहुतेक शेतकरी कुटुंबे वर्षाचा हिशेब मांडला तर मका विकतात त्याहून जास्त विकत घेतात. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, सुगी एप्रिल-मे. सुगीला भाव पडलेला असतो, पण उसनवारी फेडायची असते, शाळेचा खर्च असतो, मीठ-साबण लागतो, म्हणून थोडा मका तेव्हाच जातो. बांबूच्या कणगीत, म्हणजे ‘न्खोक्वे’त, उरलेला मका डिसेंबरच्या आसपास संपतो. जानेवारी ते मार्च विकतच्या मक्याची न्सिमा (पिठाचा घट्ट उकडलेला गोळा) खावी लागते आणि नेमका तेव्हा भाव दुप्पट, कधी तिप्पट झालेला असतो. त्यासाठी पैसा आणायचा कुठून? दुसऱ्याच्या रानात मोलमजुरी करून. या रोजंदारीला तिथे ‘गान्यू’ म्हणतात. पण जानेवारी हाच स्वतःच्या मक्याच्या निंदणीचा आणि खताच्या दुसऱ्या हप्त्याचा महिना. दुसऱ्याचे रान स्वच्छ होते, आपल्यात तण माजते आणि पुढच्या सुगीत कणगी आणखी लवकर रिकामी होते. खताच्या अनुदानाचे यशापयश सहसा एकूण किती टन मका पिकला यावर मोजले जाते. जानेवारीत तो मका काय भावाने मिळाला, हे मोजणारे फार थोडे.

मलावीतला ‘छोटा शेतकरी’ हा शब्दही फसवा आहे. आपल्याकडे अल्पभूधारक म्हटले की हेक्टर डोळ्यांसमोर येतात. तिथे दीर्घकाळ हा भेद क्षेत्रफळाचा नव्हता, जमिनीच्या हक्काचा होता. गावाच्या परंपरागत ताब्यातली, मुखियाच्या संमतीने मिळणारी जमीन कसणारा तो छोटा शेतकरी. भाडेपट्ट्याची किंवा मालकीची जमीन कसणारा तो ‘इस्टेट’वाला. आणि देशाचे सर्वांत कमाईचे पीक, म्हणजे बर्ली तंबाखू, १९९० पर्यंत फक्त इस्टेटींना लावता येत असे. कायदाच तसा होता. वसाहतकाळातली ही वाटणी १९६४च्या स्वातंत्र्यानंतरही टिकली, उलट पक्की झाली. सत्तरच्या दशकात सरकारी खरेदी-विक्री महामंडळ छोट्या शेतकऱ्यांचा माल जागतिक भावापेक्षा बराच कमी देऊन घेई आणि तो नफा मोठ्या प्रमाणावर इस्टेटींकडे वळवी. मात्र त्याच महामंडळाची केंद्रे दुर्गम भागातही होती, देशभर मक्याचा आणि खताचा एकच भाव होता आणि पावसाळ्यात तिथे मका मिळण्याची निदान शक्यता असे. पिळवणूक आणि आधार एकाच खिडकीतून मिळत होते. नंतरच्या सुधारणावाद्यांनी पहिली बाजू अचूक ओळखली, दुसरीकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही.

१९८१पासून परदेशी कर्जाच्या अटींनुसार खतावरचे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत गेले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संपले. १९९४च्या फेब्रुवारीत चलन, म्हणजे क्वाचा, बाजारावर सोडले आणि ते कोसळले. मलावीला समुद्र नाही. खत मोझांबिकमधल्या बेइरा-नकाला किंवा टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरात उतरते आणि तिथून ट्रकने किंवा रेल्वेने येते. चलन पडले की खताची गोणी थेट महागते. त्याच सुमारास छोट्या शेतकऱ्यांसाठीची कर्जव्यवस्थाही कोलमडली. तंबाखूची मुभा मिळाली, पण मक्याच्या रानात युरिया टाकायला पैसे उरले नाहीत.

१९९८-९९ आणि १९९९-२००० या दोन हंगामांत एक वेगळा प्रयोग झाला. जवळपास प्रत्येक छोट्या शेतकरी कुटुंबाला, म्हणजे सुमारे २८ लाख घरांना, एक छोटी थैली फुकट दिली गेली: दहा गुंठ्यांपुरते संकरित मक्याचे बियाणे, तेवढ्यालाच पुरेल इतके खत आणि थोडे द्विदल पिकाचे बियाणे. कोण गरीब आणि कोण नाही हे ठरवत बसायचे नाही, सर्वांना थोडे द्यायचे, हा त्यामागचा विचार. पाऊसही चांगला झाला. दोन्ही वर्षे मका २५ लाख टनांच्या घरात गेला. पण मदत देणाऱ्या देशांना ही योजना खर्चिक वाटली, खाजगी खतविक्रेत्यांचे नुकसान करणारी आणि शेतकऱ्याला परावलंबी बनवणारी वाटली. २०००-०१मध्ये थैल्या १५ लाखांवर आणल्या, पुढच्या वर्षी १० लाखांवर. ही कपात नेमकी वाईट वर्षांत झाली.

इथून सुरू होते ते प्रकरण, ज्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही: २००१ची राखीव मक्याची विक्री.

देशाच्या राखीव कोठारांत तेव्हा सुमारे १ लाख ६७ हजार टन मका होता. कोठारे सांभाळणारी यंत्रणा १९९९मध्ये नव्याने उभी केलेली, आणि तिने हा मका कर्ज काढून भरलेला, तेही ५६ टक्के व्याजाने. मका जुना होत चालला होता, साठवणीचा खर्च वाढत होता. आंतरराष्ट्रीय कर्ज देणाऱ्या संस्थेने सल्ला दिला की एवढा साठा परवडणारा नाही, तो ३० ते ६० हजार टनांवर आणावा आणि कर्ज फेडावे. सल्ल्यामागे एका सल्लागार अभ्यासाचा आधार होता. तुटवडा पडलाच तर हाताशी परकीय चलन असले की मका आयात करता येईल, असा तो हिशेब.

प्रत्यक्षात जवळपास सगळाच मका विकला गेला. काही देशाबाहेर गेला, काही देशातल्याच व्यापाऱ्यांकडे. व्यापाऱ्यांनी घेतलेला मका पुढे काही महिन्यांनी कितीतरी पट भावाने बाजारात आला. राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे म्हटले की कर्ज देणाऱ्यांनी विकायला लावले. त्या संस्थेने उत्तर दिले की आम्ही साठा कमी करा म्हणालो, संपवा म्हणालो नव्हतो. भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने चौकशी केली आणि विक्रीच्या काळात कृषी खाते सांभाळणाऱ्या मंत्र्याला २००२मध्ये मंत्रिमंडळातून जावे लागले. मक्याचा पैसा नेमका कोणाच्या खिशात गेला, याचा पूर्ण हिशेब लोकांसमोर कधी आला नाही.

दोन्ही बाजू आपापल्या कागदांपुरत्या खऱ्या आहेत. पण या वादात दडून राहणारी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २००१च्या सुरुवातीच्या पुरानंतर मका आधीच्या २५ लाख टनांवरून १७ लाख टनांच्या आसपास आला होता. तरी सरकार आणि देणगीदार दोघेही निर्धास्त राहिले, कारण पीक अंदाजांत कसावा आणि रताळ्यांचे प्रचंड उत्पादन दाखवले होते. मक्याची तूट कंदमुळांनी भरून निघते, असे कागदावर दिसत होते. ते आकडे फुगलेले होते. बाजारातला भाव मात्र खरे बोलत होता. सुगीच्या सुमारास किलोला पाच क्वाचाच्या आसपास असलेला मका २००२च्या सुरुवातीला काही बाजारांत चाळिसाच्या पुढे गेला. सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच तो चढत होता. गावागावांतून चर्चची माणसे आणि स्वयंसेवी संस्था सांगत होत्या की लोक उपाशी आहेत. दखल मात्र पीक अंदाजांचीच घेतली गेली.

आणीबाणी जाहीर झाली ती फेब्रुवारी २००२च्या अखेरीस. आयातीचा मका बंदरांत आणि रस्त्यांवर अडकून उशिरा पोहोचला. ‘गरज पडली तर आणू’ हा हिशेब वाहतुकीनेच खोटा पाडला. लोकांनी कोंडा खाल्ला, केळीचे कंद खाल्ले, दाणा भरायच्या आधीच कणसे खुडली. अशी हिरवी कणसे चोरणाऱ्यांना अमानुष मारहाण झाली. मृत्यूंचे अंदाज काही शेकड्यांपासून तीन हजारांपर्यंत जातात. मेलेल्यांतले बहुतेक शेतकरी घरांतलेच होते.

यानंतरचा निर्णय या आठवणीतून आलेला आहे. २००४च्या निवडणुकीत स्वस्त खत हे सर्वांचेच आश्वासन होते. २००५ची सुगी आणखी वाईट गेली: जेमतेम १२ लाख टन मका, आणि सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येतल्या जवळजवळ ५० लाख लोकांना अन्नमदतीची गरज. मोठ्या देणगीदारांची नाराजी पत्करून सरकारने २००५-०६मध्ये स्वतःच्या पैशांतून अनुदान परत आणले. कुपन दाखवायचे आणि ५० किलोची गोणी ९५० क्वाचाला, म्हणजे बाजारभावाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, घ्यायची. एक गोणी पेरणीच्या वेळच्या मिश्रखताची, एक युरियाची. २००६मध्ये मका २६ लाख टनांवर गेला, २००७मध्ये ३२ लाखांच्या पुढे. २००७मध्ये मलावीने झिम्बाब्वेला मका विकला. जे देणगीदार नको म्हणत होते, त्यांतले काही पैसे घेऊन आले. जून २००६मध्ये अबुजात आफ्रिकी देशांनी खताचा वापर हेक्टरी ८ किलोंवरून २०१५पर्यंत ५० किलोंवर नेण्याचे ठरवले होते. पुढे ते उद्दिष्ट गाठले गेले नाही, पण त्या काळात मलावी सर्वांच्या तोंडी होता.

त्या वर्षांचे श्रेय अनुदानाला द्यायलाच हवे, आणि पावसालाही. मात्र आकडे विक्रमी असताना २००८मध्ये मक्याचा भाव पुन्हा झपाट्याने चढला. भरघोस पीक आणि चढता भाव एकत्र कसे? उत्पादनाचे आकडे फुगलेले होते आणि त्यांच्या भरवशावर निर्यात जास्त झाली, हे अनेक अभ्यासकांचे उत्तर मला पटते. सात वर्षांपूर्वीची चूक दुसऱ्या वेशात परत आली होती. त्याच वर्षी जगात युरिया कडाडला, शेतकऱ्याकडून घ्यायची रक्कम मात्र कमीच होत गेली, आणि २००८-०९मध्ये ही एक योजना देशाच्या अंदाजपत्रकाचा सुमारे १६ टक्के भाग खाऊ लागली. कृषी विस्तार, सिंचन, संशोधन यांना उरलेसुरले मिळाले.

कुपन कोणाला, हा प्रश्न कधीच सुटला नाही. नियम सांगे की गरीब पण शेती करू शकणारे घर निवडा. ज्या गावात जवळपास सगळेच तसे, तिथे निवडायचे कोणाला? अनेक गावांनी यावर आपला तोडगा काढला: ज्यांची नावे लागली त्यांच्या गोण्या फोडून सगळ्यांत वाटून घेतल्या. वरून पाहणाऱ्यांना ही गळती दिसली. मला त्यात १९९८च्या ‘सर्वांना थोडे’ या विचाराचेच रूप दिसते, लोकांनी स्वतःहून परत आणलेले.

दुसरी अडचण जमिनीची. वर्षानुवर्षे मक्यावर मका घेतलेल्या, सेंद्रिय कर्ब सरलेल्या रानात युरिया टाकला तरी दाणा अपेक्षेइतका भरत नाही. दक्षिण मलावीत यावर जुना उपाय आहे, तो आपल्या ओळखीचा: मक्यात तूर. तिथे तिला ‘नांदोलो’ म्हणतात. मका काढल्यावर उरलेल्या ओलीवर ती वाढते, पाला गळून जमिनीला नत्र मिळते, घरात डाळ येते. मध्य भागात ती रुजली नाही, याचे एक कारण अगदी साधे आहे. मका निघाला की शेळ्या मोकाट सुटतात आणि उभी तूर खाऊन टाकतात. रानातले ‘म्सांगू’ झाडही असेच कामाचे. पावसाळ्यात त्याची पाने गळतात, त्यामुळे खालच्या मक्यावर सावली पडत नाही आणि पाल्याचे खत होते.

ही तूर मुख्यतः भारतासाठी पिकते, आणि इथे हा इतिहास थेट आपल्या बाजाराला येऊन भिडतो. २०१६-१७मध्ये आपल्याकडे तुरीचे विक्रमी पीक आले. लातूर-अकोल्याच्या बाजार समित्यांबाहेरच्या रांगा आणि अपुरा बारदाना अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१७मध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी ती मागणी रास्त होती. तिकडे मलावी आणि मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला. सुधारित वाण लावा, कडधान्याकडे वळा, असे ज्यांना वर्षानुवर्षे सांगितले होते, त्यांचाच माल पडून राहिला. २०२१मध्ये झालेल्या सामंजस्य करारानुसार भारताने २०२५-२६पर्यंत दरवर्षी मलावीतून ५० हजार टन तूर आणू देण्याचे मान्य केले. लावणीआधी गिऱ्हाईक आहे की नाही हे कळणे, ही त्या शेतकऱ्याला खताइतकीच मोठी मदत आहे.

२०२०मध्ये नव्या सरकारने अनुदान जवळपास सर्व शेतकरी घरांपर्यंत नेण्याचे ठरवले: सुमारे ३८ लाख कुटुंबांची यादी, गोणी ४,४९५ क्वाचाला. दोन वर्षांत युक्रेनच्या युद्धाने खत महागले, मे २०२२मध्ये क्वाचाचे २५ टक्के अवमूल्यन झाले, गोणी १५ हजारांवर गेली आणि यादी २५ लाखांवर आली. त्याच वर्षी खताचा व्यवसायच नसलेल्या एका परदेशी कंपनीला आगाऊ रक्कम दिल्याचे उघड झाले आणि कृषिमंत्र्यांना जावे लागले. मार्च २०२३मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेतली उभी पिके वाहून नेली. नोव्हेंबरमध्ये चलन आणखी ४४ टक्क्यांनी घसरवले गेले. यादी १५ लाखांवर आली. पाठोपाठ एल निनोचा दुष्काळ, आणि मार्च २०२४मध्ये २८पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर.

या सगळ्यात एक लहान योजना शांतपणे टिकून आहे. २००६मध्ये म्चिंजी जिल्ह्यात अत्यंत गरीब घरांना थोडी रोख रक्कम देणे सुरू झाले आणि पुढे ते देशभर पसरले. हातात पैसे आले की लोकांनी मका घेतला, मुलांना शाळेत पाठवले, शेळी घेतली. आणि जानेवारीत गान्यूला जाण्याचे दिवस कमी करून ते स्वतःच्या रानात निंदणीला थांबले.