बुस्केट्स आणि बार्सिलोनाची ‘चार नंबर’ची जागा

स्पेनचा फुटबॉलपटू, मध्यरक्षक सर्जिओ बुस्केट्स बार्सिलोना क्लबकडून ७२२ सामने खेळला आणि त्यात त्याचे वीसही गोल नाहीत. गोलांच्या तक्त्यावरून खेळाडू जोखायची सवय असेल तर तो कळतच नाही. तो कळायला आधी त्याची जागा कळावी लागते, आणि ती जागा बार्सिलोनात आखली जाऊ लागली तो जन्मला त्याच वर्षी, १९८८ मध्ये.

त्या वर्षी योहान क्रायफ तिथे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांची मांडणी ३-४-३ ची (तीन बचावपटू, चार मध्यरक्षक, तीन आघाडीपटू) आणि मधली फळी पतंगाच्या आकाराची. पतंगाच्या खालच्या टोकाला एकच खेळाडू. त्या जागेला क्लबमध्ये अजूनही ‘चार’ म्हणतात. (बुस्केट्सच्या पाठीवर मात्र आधी २८, मग १६ आणि शेवटी ५.) चेंडू हिसकावणं हे चारचं दुय्यम काम. बचावफळीकडून आलेला चेंडू एक-दोन स्पर्शांत पुढच्या ओळीला पोचवणं हे मुख्य. लुइस मिया ही जागा सांभाळायचा. १९९० मध्ये तो रेयाल माद्रिदला गेला आणि त्याच डिसेंबरात पेप गार्डिओला नावाचा काटकुळा पोरगा पहिल्या संघात उतरला. त्याच संघात राखीव गोलरक्षक होते कार्लेस बुस्केट्स, म्हणजे सर्जिओचे वडील. लांब पँट घालून खेळणारे आणि पायांनी चेंडू छान हाताळणारे.

मुलगा मात्र क्लबच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला नाही. तो तिथे आला २००५ मध्ये, जवळपास सतराव्या वर्षी. २००७ मध्ये गार्डिओलांनी क्लबचा ‘ब’ म्हणजे राखीव संघ हाती घेतला तेव्हा तो संघ चौथ्या श्रेणीत होता. वर्षभरात संघाला बढती मिळाली, गार्डिओला मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले आणि १३ सप्टेंबर २००८ ला रेसिंग सांतांदेरविरुद्ध बुस्केट्सचं लीग पदार्पण झालं. सामना १-१ सुटला. तेव्हा ती जागा याया तुरेची होती. पण मे २००९ मध्ये रोमच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बचावपटूंची वानवा असल्याने तुरे बचावफळीत खेळला आणि मध्यात बुस्केट्स. मँचेस्टर युनायटेड २-० ने हरलं. २०१० मध्ये तुरे मँचेस्टर सिटीला गेला, त्याच उन्हाळ्यात याच जागेवर खेळणारा मास्चेरानो आला आणि त्यालाही शेवटी बचावपटूच व्हावं लागलं.

असं काय होतं त्याच्याकडे? चेंडू यायच्या आधी तो खांद्यावरून मागे बघून घ्यायचा. अंग अर्धवट वळवून उभा राहायचा आणि चेंडू पलीकडच्या पायावर घ्यायचा. कुणी झेपावलाच तर तळव्याने चेंडू मागे ओढायचा; समोरचा पुढे निघून गेला की पाच-सात मीटरचा साधा पास. त्याला एक आघाडीपटू चिकटवून ठेवणं हा प्रतिस्पर्ध्यांचा नेहमीचा उपाय. त्यावर तो कधी दोन मध्य बचावपटूंच्या मधोमध उतरायचा. ते दोघे रुंदीला सरकत, बाजूचे बचावपटू वर जात आणि समोरच्या दोन आघाडीपटूंसमोर तिघे उभे राहत. कधी तो फक्त बाजूला चालत जायचा. पाठलाग करणारा मागोमाग जाई आणि मागून थेट पुढच्या मध्यरक्षकाकडे, झावीकडे, जाणारी वाट मोकळी होई. टीव्हीवर चेंडूच बघणाऱ्याला हे दिसत नाही.

२०१० च्या विश्वचषकात स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून ०-१ हरला तेव्हा बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो हे दोन बचावात्मक मध्यरक्षक एकत्र कशाला, अशी ओरड झाली. स्पेनचे प्रशिक्षक डेल बॉस्के बधले नाहीत. सातही सामन्यांत बुस्केट्स पहिल्या अकरात होता आणि स्पेनवर गोल झाले फक्त दोन. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बार्सिलोनाकडून इंटर मिलानविरुद्ध खेळताना, त्यांच्या थियागो मोट्टाला लाल कार्ड मिळालं तेव्हा, चेहरा धरून जमिनीवर पडलेला तो बोटांच्या फटीतून बघताना टिपला गेला. कांगाव्याचा तो डाग त्याने स्वतःच लावून घेतला.

या जागेची एक अट असते. उंची १.८९ मीटर, पण तो धावायला संथ. बचावफळी वर हवी, साथीदार हाकेच्या अंतरावर हवेत आणि चेंडू गेला की पुढच्यांनी पाच-सहा सेकंदांत तो परत घेण्यासाठी तुटून पडायला हवं. हे झालं नाही तर मधल्या तीस-चाळीस मीटरमध्ये तो एकटा उरतो. २०१५ मध्ये झावी गेला, २०१८ मध्ये इनिएस्टा, पुढची फळी दमली. मग चॅम्पियन्स लीगमधले मोठे पराभव: रोममध्ये ०-३ (२०१८), लिव्हरपूलमध्ये ०-४ (२०१९), बायर्नकडून २-८ (२०२०). खापर त्याच्या पायांवर फुटलं, पण बिघाड बराचसा त्याच्या पुढे होता. २०२२-२३ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतलेल्या झावीने त्याच्यासह चार मध्यरक्षक उभे केले तेव्हा ३८ लीग सामन्यांत बार्सिलोनावर केवळ २० गोल झाले आणि कर्णधार बुस्केट्सने नववी लीग उचलली.

राष्ट्रीय संघातला निरोप मात्र कडू होता. डिसेंबर २०२२ मध्ये मोरोक्कोविरुद्ध, त्याच्या १४३व्या सामन्यात, गोलरक्षक बोनोने त्याची पेनल्टी अडवली. पुढे अमेरिकेतल्या इंटर मायामीत मेस्सीसोबत काही चषक जिंकून त्याने २०२५ च्या अखेरीस खेळ थांबवला. बार्सिलोनाने त्याच्या जागी जिरोनाहून ओरिओल रोमेऊला आणलं. तो वर्षभरात उसना म्हणून जिरोनालाच परत गेला. त्याच हंगामात क्रिस्टेन्सन या बचावपटूलाही तिथे खेळवून पाहिलं. प्रशिक्षक म्हणून हान्सी फ्लिक आल्यावर त्या एका जागेवर दोघांना उभं करायचं ठरलं.