फुलांचा कोल्ड फोम: पार्श्वभूमी आणि दुधाचा वाद

थंड कॉफीवर फेस तरंगवायची हौस जुनीच. ग्रीसमध्ये 1957 पासून इन्स्टंट कॉफी थंड पाण्यात घुसळून फेसाळ फ्रापे पितात. पुढे तिथेच एस्प्रेसोवर थंड दुधाचा फेस घालू लागले. आजचा 'कोल्ड फोम', म्हणजे थंड पेयावर घालायचा गार दुधाचा फेस, सिएटलमधल्या एका कॉफी साखळीच्या दुकानात 2014 मध्ये आला, 2018 मध्ये अमेरिकाभर पोचला आणि 2024 च्या वसंतात त्यात लॅव्हेंडर आलं.

आपल्याकडे त्याची वाट मोकळी केली ती 2020 च्या लॉकडाउनने. कॉफी, साखर आणि गरम पाणी सारख्या मापाने घेऊन हात भरून येईपर्यंत फेटायची डालगोना तेव्हा घरोघरी झाली. फेस घरी करता येतो याचा विश्वास त्यातून आला, आणि मग दूध फेटायचे, सेलवर चालणारे फ्रॉदरही स्वयंपाकघरांत दिसू लागले.

फुलांचा स्वाद आमच्या साताऱ्याला नवा नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या सरबतांच्या बाटल्या, फालुद्यातलं गुलाबी दूध, उन्हाळ्यात माठात टाकलेला मोगरा, हे सगळं होतंच.

घोळ आहे तो दुधाचा. मूळ फोम साय काढलेल्या दुधाचा, कारण फेस धरतात ती दुधातली प्रथिनं. नंतर क्रीमचा दाट प्रकार आला आणि बाहेरच्या बहुतेक कृती त्यावरच चालतात. त्यांना लागणारं क्रीम 36 टक्क्यांच्या आसपास फॅटचं असतं. आपल्या किराणा दुकानातल्या फ्रेश क्रीमच्या पाकिटावर बहुधा 25 टक्के लिहिलेलं असतं, आणि तिशीच्या खालचं क्रीम नीट फुलत नाही. मग लोक केकच्या सामानाच्या दुकानातून वनस्पती तेलाचं व्हिपिंग क्रीम आणतात. ते ताठ उभं राहतं हे मान्य, पण जिभेवर तेलकट थर बसतो आणि गुलाबाचा स्वाद त्याखाली दबून जातो. दारात गवळ्याचं दूध येत असताना हा खटाटोप मला पटत नाही.

म्हशीचं दूध उकळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं आणि सकाळी सायीचा जाड थर अलगद उचलावा. खाली उरतं त्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधापेक्षा जास्तच असतात. असं 100 मिली गार दूध उंच ग्लासात घ्यावं, 2 चमचे गुलाबाचं सिरप घालावं आणि फ्रॉदर दुधाच्या वरच्या थरात धरून 30-40 सेकंद फिरवावा. आधी साबणासारखे मोठे बुडबुडे येतात, मग फेस बारीक होत ओघळायचा थांबतो. ग्लास ओट्यावर हलकेच आपटला की उरलेले मोठे बुडबुडे फुटतात. दूध बाहेर राहून कोमट झालं तर अर्धवट वितळलेली चरबी फेस मोडते. अशा वेळी कितीही फिरवून उपयोग नाही.

सिरपऐवजी गुलाबपाणी वापरायचं तर ते खाण्याचंच हवं, चेहऱ्याला लावायच्या बाटलीतलं नको. अर्धा चमचा पुरतो. ते गार दुधातच घालावं, उकळत्या दुधात त्याचा सुवास उडून जातो. हिबिस्कस चहातल्या लाल अंबाडीचा रंग कितीही मोहात पाडणारा असला तरी तिचा आंबट अर्क दूध नासवतो. आणि फुलवाल्याकडचे पॉलिहाउसचे गुलाब फोमवर पाकळी म्हणूनसुद्धा ठेवू नयेत. ते फवारणी झालेले असतात, खाण्यासाठी पिकवलेले नसतात. घरच्या कुंडीतल्या, औषध न मारलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या चालतात.