इंग्रजी अनेकवचनातले 'अपवाद' आले कुठून?

इंग्रजीत अनेकवचन करायचं तर शेवटी 'एस' लावा, हा नियम एका ओळीत संपतो. मग फीट, ऑक्सन, चिल्ड्रन, शीप ही अपवादांची यादी पाठ करावी लागते. खरं तर हे एके काळचे नियमच आहेत. त्यांची बाकीची मंडळी 'एस'च्या गोटात गेली आणि हे मागे राहिले.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाचं लिंग आणि गट पाहून अनेकवचन ठरायचं. 'एस' हा अनेक प्रत्ययांपैकी एक. ऑक्सनचा गट वेगळा, आणि शीप, डिअर यांसारखी काही नपुंसकलिंगी नामं बदलतच नसत.

'फीट'ची गोष्ट त्याहून जुनी. इंग्रजी लिहिली जाण्याआधी या गटाच्या प्रत्ययात 'इ' होता. त्याच्या ओढीने आधीचा 'ओ' 'ए'कडे सरकला; पुढे प्रत्यय गळाला, बदललेला स्वर तेवढा उरला. 'बुक'ही याच गटातलं, अनेकवचन 'बेच'. ते टिकलं असतं, तर आज कपाटात 'बीच' रचून ठेवले असते!

पुढे शब्दांच्या शेवटचे स्वर बोलण्यात पुसट झाले आणि गटागटांतला फरक कळेनासा झाला. ठळक ऐकू येणारे प्रत्यय उरले दोनच, 'एस' आणि 'एन'. 1066च्या नॉर्मन विजयानंतर आलेल्या फ्रेंचमध्येही 'एस' होता, म्हणून श्रेय तिला देण्याचा मोह होतो. पण उत्तर इंग्लंडमध्ये 'एस' त्याआधीच पसरू लागला होता. दक्षिणेने मात्र 'एन' बराच काळ धरून ठेवला. 'चिल्ड्रन' त्या काळाची खूण: 'र'चं जुनं अनेकवचन आधीच होतं, त्यावर लोकांनी 'एन' चढवला.

अंड्यांचंही तसंच, 'आयरेन'. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 मध्ये एक किस्सा नोंदवला आहे. थेम्स नदीवर अडकलेल्या व्यापाऱ्याने एका बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! दुसऱ्याने 'आयरेन' म्हटल्यावर उलगडा झाला. 'एग' हा उत्तरेकडचा, स्कँडिनेव्हियन वळणाचा शब्द. शेवटी तोच टिकला, 'एस'सकट.

त्यानंतर विद्वानांनी क्रायटेरिया, फिनॉमिना अशी ग्रीक-लॅटिन अनेकवचनं जशीच्या तशी आणली. त्या हौसेपायी 'ऑक्टोपाय'ही घडलं. शब्द मुळात ग्रीक, प्रत्यय मात्र लॅटिन. साधं 'ऑक्टोपसेस' त्यापेक्षा कितीतरी बरं.